युरोपातलं तासगाव

अनसाक्कांनी माझ्या नकाशावर दोन चिंचोके ठेवले आणि म्हणाल्या, "ह्यो पोराचा गाव. ह्यो पोरीचा. आता मधली गाडी कुठली ते सांगा, बाई."

"गाडी नाही आजी, विमान," गौतमी म्हणाली.

"तेच ते. पर एकच पायजे. मदी उतरायचं न्हाई, बदलायचं न्हाई. हितं बसले, तितं उतरले."

पोरीचा चिंचोका समुद्रात पडला होता. अल्ताफनं तो उचलून पोर्तुगालच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवला. पोराचा त्या मानानं बरा पडला होता. पोलंडऐवजी जर्मनीत, पण सीमेला लागून.

ही आठ वर्षांपूर्वीची मे महिन्यातली सकाळ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर मेमध्ये घराच्या सोप्यात आठ ते दहा नकाशाचा वर्ग घ्यायची. फी नव्हती. नियम एकच होता, ज्याला जो प्रश्न पडेल त्याचं उत्तर त्यानंच शोधायचं, मी फक्त शेजारी बसणार. त्या वर्षी बाकीची पोरं मामाच्या गावाला पांगली आणि दोनच उरली. सातवीत जाणारी गौतमी कांबळे आणि तिच्याच वर्गातला अल्ताफ मुजावर. अल्ताफचे वडील विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. त्यामुळे कुठली गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटाला लागते, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं.

अनसाक्का महाडिक आमच्या समोरच्या घरात राहायच्या. त्यांचे यजमान सोनं गाळायच्या धंद्यात होते, आमच्याकडं त्याला गलाई म्हणतात. त्या धंद्यापायी या बाईनं अकरा वर्षं तामिळनाडूत सेलमला संसार केला होता. पोरं शिकायची झाली तशी त्यांना घेऊन त्या विट्याला परत आल्या. धैर्यशील आणि त्याच्या पाठची वैजयंता, दोघंही पाचवीत माझ्या हाताखालून गेली. आता धैर्यशील पोलंडमध्ये नोकरीला होता, व्रोत्स्वाफ नावाच्या शहरात. वैजू पोर्तुगालमध्ये, पोर्तोला, एका प्रयोगशाळेत. तिला फेब्रुवारीत मुलगी झाली होती. जावई जहाजावर, ते एप्रिलच्या शेवटाला समुद्रात गेले ते ऑक्टोबरलाच परतणार होते.

"पोरगी एकटी हाय तितं," अनसाक्का म्हणाल्या. "अंगावरचं पोर घेऊन एकटी. रांधायचं तिनं, धुवायचं तिनं, आन पोर रडाय लागलं की तिनंबी रडायचं. फोनवर म्हणती, आई, मी बरी हाय. बरी असलेलं माणूस असं धा वेळा सांगतंय व्हय?"

धैर्यशील जूनच्या सुरुवातीला येऊन आईला तीन महिन्यांसाठी आपल्याकडं नेणार होता. व्हिसा झाला होता. त्याच व्हिसावर पोर्तुगाललाही जाता येत होतं. प्रश्न उरला होता तो या दोन चिंचोक्यांच्या मधला.

"धैर्यशील सोडायला नाही का येणार?" मी विचारलं.

अनसाक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यो न्हाई जायाचा."

मी पुढं विचारलं नाही. ही दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"आन मला वाचता येत न्हाई म्हणून बदलत न्हाई, असं नका समजू," जाता जाता त्या पोरांना म्हणाल्या. "सेलमला जायाला मिरजेला गाडी बदलायची, बंगळूरला बदलायची. तामिळ पाटी एक वाचता येत न्हवती. पर पोचायची."

"मग आता का नको, आजी?"

"नको म्हंजे नको."

वही उघडून गौतमीनं वर लिहिलं, 'आजीचा प्रश्न'.

*

माझ्याकडं भाच्यानं दिलेला जुना लॅपटॉप होता. पहिल्या दिवशी आम्ही कुणीही करेल तेच केलं. विमानांच्या संकेतस्थळावर एका चौकटीत व्रोत्स्वाफ लिहिलं, दुसऱ्या चौकटीत पोर्तो. उत्तरं चिक्कार आली आणि सगळ्यांच्या पुढं 'एक थांबा' नाहीतर 'दोन थांबे'.

"बाई, तारीख बदलून बघू," अल्ताफ म्हणाला.

तारीख बदलली. बुधवार बघितला, गुरुवार बघितला. थांबे तसेच. मी फुटपट्टीनं नकाशावरचं अंतर मोजलं आणि म्हणाले, "बावीसशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याला विमान पाहिजे खरं तर."

"बाई, लांबीवर नसतंय ते," अल्ताफ माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला. "विट्यासनं मायणी किती जवळ, पण गाड्या किती? आणि मुंबई किती लांब? माणसं जायाला पाहिजेत."

चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वडिलांना विचारून आला. सोप्याची पायरी चढायच्या आधीच बोलायला लागला. "बाई, आपण उलटं विचारतोय! अब्बा म्हणाले, स्टँडवर अडाणी माणूस विचारतो, अमक्या गावाला गाडी आहे का. जाणता माणूस बोर्ड वाचतो, इथून गाड्या कुठं कुठं जातात. सगळा बोर्ड वाचायचा. मग गाव सापडतंय."

"विमानतळाचा बोर्ड कुठं मिळणार?"

मिळाला. प्रत्येक विमानतळाच्या स्वतःच्या पानावर यादी होती, इथून थेट कुठं कुठं विमान जातं, कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात. आम्ही दोन रंगांचे दोरे घेतले. व्रोत्स्वाफचा लाल, पोर्तोचा निळा. जिथं थेट विमान जातं तिथं टाचणी टोचायची आणि दोरा बांधायचा. गौतमी गाव वाचायची, अल्ताफ नकाशात शोधायचा, मी गाठ मारायची. नकाशाखाली उशी घातली होती, तरी टाचण्या सतरंजीत शिरत होत्या. दहाचे साडेअकरा झाले. गौतमीची आई दारात येऊन बघून गेली आणि तीन पेले ताक ठेवून गेली.

शेवटची गाठ मारली तेव्हा आम्ही तिघं उभं राहून वरून बघितलं. पोलंडमधून लाल किरणं निघालेली, पोर्तुगालमधून निळी. पण लाल दोरा पोर्तोला कुठंच पोचत नव्हता. एकसुद्धा नाही.

"नाही म्हणजे नाहीच," अल्ताफ म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

गौतमी मात्र गुडघ्यांवर बसून बोट फिरवत होती. "बाई, या टाचणीला दोन्ही रंग आहेत. याही. याही." तिनं मोजलं. "सहा गावांना दोन्ही आलेत. म्हणजे लाल दोऱ्यानं तिथं जायचं आणि निळ्यानं पुढं!"

"शाबास. पण त्याला बदलणंच म्हणतात," मी म्हणाले.

तेवढ्यात अनसाक्का आल्या. दोऱ्यांचं जाळं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया, घोंगडं विणताय का काय?"

गौतमीनं त्यांना समजावून सांगितलं. एकदाच बदलायचं. हातात चिठ्ठी द्यायची. चाकाची खुर्ची मागता येते, विमानतळावरचं माणूस एका दारातून दुसऱ्या दाराशी नेऊन सोडतं. तिनं फार नीट सांगितलं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा नीट.

अनसाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या खाली बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोरांनो, तुमी लई कष्ट केलं. पर ऐका. या दोघांचे बापू वारले तवा वैजू तिकडनं निघाली. तीन विमानं हुती. पयलं उशिरा सुटलं, म्हणून दुसरं चुकलं. त्या मोठ्या विमानतळावर पोर सतरा तास बसली. तिनं भावाला फोन केला, दादा, मी येतीय, थांब. त्यो म्हणला, थांबतो." त्यांनी एका लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं. "भावकी थांबू देईना. दिवस मावळायच्या आत उरका म्हणाले. थोरल्या दिरांनी तर धैर्याच्या हाताला धरून उठवला. त्यानं दुपारी अग्नी दिला. पोर दिवेलागणीला आली. राखच बघितली तिनं. भावाला एवढंच म्हणली, आता माझ्या दारात येऊ नको. तवापासनं बंद."

अल्ताफ हातातल्या दोऱ्याच्या गुंडीकडं बघत बसला होता.

"बदलताना माझी पोर बापाला मुकली. आता मी तिच्याकडं निघाले आन मदीच अडकले, तर ती परत तशीच वाट बघत बसंल. मला ते नको. न पोचलेलं बरं, पर वाटंत अडकायचं न्हाई."

त्या दिवशी वर्ग तिथंच संपला. टाचण्या काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी ते सगळं तसंच सोप्यात ठेवलं आणि दुपारभर त्याला वळसा घालून ये-जा केली.

*

तिसऱ्या दिवशी पोरं आली, पण कामाला हात लागेना. अनसाक्का शेंगा फोडायला घेऊन आमच्यात येऊन बसल्या, बहुतेक पोरांना वाईट वाटू नये म्हणून. मी म्हणाले, चला, आज आपण जिल्ह्याचा नकाशा काढू. गौतमीनं काढता काढता सहज विचारलं, "आजी, तुमचं माहेर कुठलं?"

"कवठेमहांकाळच्या पल्याड. बारकं खेडं."

"मग लग्न झाल्यावर माहेरी कशा जायच्या? एकट्या?"

"एकटीला कोण सोडतंय! भाऊ यायचा न्यायाला, मुराळी." अनसाक्का हसल्या. "पर माझं न्यारंच हुतं. माझ्या लग्नात जेवणावळीवरनं माझ्या सासऱ्याचं आन बापाचं वाजलं. सासरा म्हणला, ह्यांच्या वेशीत पाय ठेवणार न्हाई. बाप म्हणला, त्यांच्या वेशीत माझं कुत्रंबी जायाचं न्हाई. झालं! आता सून माहेरी जायाची कशी?"

"कशी?"

"तासगावच्या स्टँडवर. सासरा मला हितनं तासगावपतोर आणायचा. भाऊ तिकडनं तासगावपतोर यायचा. तितं एक बाकडं हुतं. एका टोकाला सासरा, एका टोकाला भाऊ, मदी मी आन माझं बोचकं. दोघं एकमेकाकडं बघायचे न्हाईत. सासरा वर पत्र्याकडं बघून म्हणायचा, 'सून आणलीया.' भाऊ गाडीच्या टायरकडं बघून म्हणायचा, 'दिसतंय.'"

पोरं खदखदून हसायला लागली. अल्ताफनं लगेच उठून पत्र्याकडं बघणारा सासरा करून दाखवला.

"मग?"

"मग सासऱ्याची गाडी लागली की त्यो जायाचा, आमची लागली की आमी. ना त्यानं त्यांच्या वेशीत पाय ठेवला, ना ह्यानं ह्यांच्या. आन मी माहेरी पोचायची. सात वर्सं चाललं हे."

गौतमी हसत होती ती एकदम गप्प झाली. पेन्सिल ठेवून उठली आणि सोप्याच्या दुसऱ्या टोकाला, दोऱ्यांच्या नकाशापाशी जाऊन उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली, "यातलं तासगाव कुठलं?"

आधी मलाही कळलं नाही. अनसाक्कांचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"म्हणजे बघा," गौतमी वळली, "आजींनी विमान बदलायचंच नाही. मामा आजींना लाल दोऱ्यानं इथवर आणणार. मावशी निळ्या दोऱ्यानं इथवर येणार आणि आजींना घेऊन जाणार. मामा तिच्या दारात जात नाही, मावशी त्याच्या दारात येत नाही. आणि आजी एकट्या एक मिनिट पण नाहीत!"

अल्ताफ ओरडला, "सहा स्टँड आहेत आपल्याकडं! सहा!"

*

सहाचं एक व्हायला दोन दिवस लागले. लंडन आणि डब्लिन मीच काढून टाकलं, तिथं हा व्हिसा चालत नव्हता. लंडन गेल्याचं अल्ताफला फार वाईट वाटलं. एका गावाला लाल विमान सोमवारी येत होतं आणि निळं शुक्रवारी. एका गावाचं निळं विमान जूनमध्ये बंद. पॅरिस जवळजवळ जमलं होतं, पण निळं विमान परत जायचं ते अपरात्री, आणि तान्ह्या पोरीला घेऊन ते नको असं मीच म्हणाले. राहिलं इटलीतलं मिलान.

"मिलान! रोज आहे! दोन्हीकडनं!" अल्ताफ म्हणाला आणि त्यानं टाचणीला तिसरा, पिवळा दोरा बांधून टाकला.

मी खूश झाले. अनसाक्कांना सांगायला उठलेसुद्धा. तेव्हा गौतमी म्हणाली, "बाई, थांबा. ही तीन अक्षरं वेगळी का आहेत?"

प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांची खूण असते. लाल विमानापुढं एक खूण होती, निळ्यापुढं दुसरी. शोधलं तर कळलं की मिलानला विमानतळ एक नाही. लाल विमान उतरत होतं बेर्गामोला, शहराच्या पूर्वेला. निळं उतरत होतं पश्चिमेला, तिथून बरंच लांब. माझ्या नकाशात मिलानचा ठिपका एक. मी तो एकच धरला होता. माय एका स्टँडवर आणि लेक दुसऱ्या स्टँडवर वाट बघत बसली असती.

पोरांना मी म्हणाले, "चूक माझी. ठिपका बघितला, गाव बघितलं नाही. तुम्ही बघितलंत म्हणून वाचलो."

"परत बोर्ड वाचू," अल्ताफ म्हणाला. वडिलांचं वाक्य आता त्याचं झालं होतं. त्यांनी पोर्तोचा बोर्ड वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि तळाशी बेर्गामो सापडलं; मिलानला एकदा गाठ पडली म्हणून पहिल्या खेपेला ते सोडून दिलं होतं. रोज नाही. मंगळवारी आणि शनिवारी.

मग आम्ही वेळा फळ्यावर मांडल्या. मंगळवारी निळं विमान उतरल्यावर तासाभरात परत जात होतं. धैर्यशीलचंही तसंच. आईला हातात द्यायची आणि आपापल्या दाराला पळायचं. शनिवारी दोन्ही विमानं सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरानं उतरत होती, पण परत जायची ती दुपारी तीननंतर.

"मंगळवार बेस्ट," अल्ताफ म्हणाला. "नो टाइमपास. एसटीसारखं."

मलाही तेच वाटलं. बोलत नसलेल्या दोन माणसांना एका जागी चार तास कशाला बसवायचं?

अनसाक्का फळ्याकडं बघत होत्या. वाचता येत नव्हतं, पण बघत होत्या. "शनवारी किती वेळ बसाय लागंल?"

"चार तास तरी, आजी."

"मग शनवारच घ्या."

गौतमी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. आमच्या हिशोबात बसणारा शनिवार चोवीस जूनचा. "आजी, त्या दिवशी अमावस्या आहे. शनिवारची अमावस्या."

आमच्या गल्लीत अमावस्येला अनसाक्का दुकानातून काडेपेटीसुद्धा आणत नसत. मी त्यांच्याकडं बघितलं.

"तितं विमानातनं दिसतीया व्हय अमावस्या?" त्या म्हणाल्या. "शनवार मारुतीचा वार हाय. शनवारच."

*

फोन मी केले. दोघंही माझे विद्यार्थी, मला नाही म्हणणं त्यांना जड जातं हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मी फायदा घेतला. दुपारी तीनला, आमच्याकडं ऊन, त्यांच्याकडं सकाळ.

धैर्यशीलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, मी येईन. ती नाही यायची."

"तुझं तू सांग. तिचं ती सांगेल."

"मी पोर्तोपर्यंत पण सोडलं असतं हो आईला. जिन्याखाली सोडून परत आलो असतो. पण तिनं सांगितलंय दारात येऊ नको. तेवढं तरी तिचं ऐकावं."

वैजूला फोन लावला तेव्हा मागं बाळ रडत होतं. तिनं ते खांद्यावर घेतलेलं आवाजावरून कळलं.

"तो असणार तिथं?"

"तो आईला घेऊन येणार. तू आईला घेऊन जाणार."

"बोलावं लागेल?"

"लागणार नाही. तुझ्या आजोबांनी सात वर्षं न बोलता निभावलंय. आईला विचार."

ती हसली की हुंदका होता, सांगता येत नाही. मग म्हणाली, "बाई, ती विमानं थेट आहेत ना? दोन्ही? नक्की? तुम्ही स्वतः बघितलंय?"

"मी नाही. माझ्यापेक्षा नीट बघणाऱ्या दोघांनी बघितलंय. तीन अक्षरांपर्यंत तपासलंय."

बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"येते," वैजू म्हणाली.

*

चोवीस जूनला शाळा सुरू झालेली होती. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर दोन्ही पोरं दप्तरासकट माझ्याकडं आली आणि लॅपटॉपसमोर बसली. व्रोत्स्वाफचं विमान उतरलं. अर्ध्या तासानं पोर्तोचं उतरलं. त्यापुढं आम्हाला काही दिसण्यासारखं नव्हतं. अल्ताफ म्हणाला, "स्टँडवर तरी कंट्रोलरला विचारता येतं." संध्याकाळी मी त्यांना घरी पिटाळलं. रात्री आठच्या सुमाराला माझ्या फोनवर एक फोटो आला. दुपट्यात गुंडाळलेली, मूठ तोंडात घातलेली एक काळीभोर डोळ्यांची पोर, आणि तिला धरलेला गोंदणाचा ओळखीचा हात. खाली वैजूनं लिहिलं होतं, 'बसलोय विमानात. आई झोपली.' भावाचा शब्द नव्हता. मीही विचारला नाही.

पुढं दोन महिन्यांत अनसाक्कांचे फोन आले ते सगळे नातीचे. तेल कसं लावलं, बाळ कसं पालथं पडलं, तिथं ओवा मिळत नाही.

गणपतीच्या आधी पाच दिवस त्या परत आल्या. सकाळी आठलाच समोरून येऊन माझ्या सोप्याच्या पायरीवर बसल्या. रविवार होता. गौतमी आणि अल्ताफ कळताच पळत आली. अनसाक्कांनी त्यांना कसल्याशा गोड वड्या दिल्या. त्या तोंडात टाकायच्या आधीच गौतमीनं विचारलं, "आजी, तासगावला काय झालं?"

"काय व्हायचंय! एक लांब बाकडं हुतं. एका टोकाला त्यो, एका टोकाला ती. मदी मी, आन मांडीवर बाळ."

"आणि बोलली?"

"तासभर न्हाई. त्यो काचंतनं बाहेर बघतोय, ती बुटाकडं बघतीया. मी म्हणलं, करा तुमच्या आज्यागत. मग बाळ रडलं. तिनं पिशवीत दुधाची बाटली शोधली, सापडंना. ह्यानं उठून पिशवी धरली. ती म्हणली, राहू दे. एवढंच. चार वर्सांनी पयला शब्द, राहू दे. आन तितनं जी सुरू झाली!"

"गप्पा?"

"कसल्या गप्पा! भांडली." अनसाक्कांनी दोन्ही हात उडवले. "अशी भांडली बाई, सगळा विमानतळ बघतोय. 'थांबतो म्हणाला हुतास', 'तू हितं न्हवतीस, तुला काय म्हाईत', 'एक फोन केला असतास', 'केला हुता, बंद हुता', तिनं त्याला ढकलला, त्यो रडाय लागला, मग ती रडाय लागली. एक पोलीसबाय आली इचारायला. मी तिला हातानंच सांगितलं, असू दे, घरचं हाय."

"तुम्ही सोडवलं नाही?"

"येडी का काय मी? म्या बाळ घिऊन लांबच्या बाकड्यावर जाऊन बसले. चार वर्सं गप बसली हुती पोरं. तोंड उघडलं त्येंनी. अमावस्या धरून शनवार घेतला तो कशाला?"

मंगळवार बरा असं मलाही वाटलं होतं.

"मग?" अल्ताफ म्हणाला.

"मग भूक लागली दोघास्नी. मी धपाटी केलेलीच हुती."

आम्ही सगळे हसलो. समोरच्या घराचं दार अजून बंद होतं. अनसाक्का तिकडं बघून म्हणाल्या, "धैर्या निजलाय अजून. दमलाय."

अल्ताफनं खिशातून वही काढली होती. त्याला कारभार पुरा करायचा होता. "आणि आजी, येताना? परत बेर्गामोलाच आलात ना? ते शनिवारचं विमान ऑगस्टमध्ये पण होतं, मी बघून ठेवलं होतं."

"न्हाई रं. येताना त्यो न्यायाला आला. पोर्तोला. तिच्या दारापतोर. वर जिना चढून आला, भाचीला खेळणं घिऊन. चार दिवस ऱ्हायला."

अल्ताफचे डोळे मोठे झाले. "म्हणजे थेट विमान सुरू झालं? व्रोत्स्वाफ ते पोर्तो?"

"न्हाई बाबा," अनसाक्का म्हणाल्या. "दोन विमानं बदलून आला."